घरून काम : अपेक्षा आधीच ठरवा!

'वर्क फ्रॉम होम' हा शब्द मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घराघरांत पोचला. आता त्यात 'हायब्रिड'ची भर पडली आहे, म्हणजे आठवड्यातले काही दिवस ऑफिसात आणि काही दिवस घरून. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या वेळी आपण पॅकेज विचारतो, लोकेशन विचारतो. पण घरून काम करताना कंपनीची आपल्याकडून नेमकी अपेक्षा काय, हे सहसा कोणी विचारत नाही. पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात. म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्याला वाटतं, हा प्रकार आयटीवाल्यांनी काढला. पण आपल्याच वर्ध्यात नव्वद वर्षांपूर्वी या प्रश्नांचा विचार झालेला आहे. कसा, ते एकेक करून पाहू.

१) काम कशाने मोजायचं?

अखिल भारतीय चरखा संघ १९२५ साली स्थापन झाला. संघासाठी हजारो बाया आपापल्या घरी सूत कातायच्या. डोक्यावर सुपरवायझर नाही, हजेरीपट नाही. मग मोजायचं काय? तर सूत! त्याची लांबी, वजन, मजबुती आणि सारखेपणा. ८४० वारांच्या दहा लडींचं वजन एक पौंड भरलं, तर ते सूत १० नंबरचं. कातणारीलाही कळेल आणि घेणाऱ्यालाही कळेल असा हा हिशेब. ती पहाटे कातते की रात्री, याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं.

पण नुसतं काम मोजलं की झालं, असं नाही. दर कमी असेल तर माणूस दिवसभर राबूनही उपाशीच राहतो. हे लक्षात घेऊन चरखा संघाने ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्याला ठराव केला. आठ तास नीट काम केलं तर कातणाऱ्याला पुरेसं अन्न आणि वर्षाला २० वार कापड मिळेल, इतकी किमान मजुरी हवी, असा त्याचा आशय होता. म्हणजे कामाचं माप सूत, पण दर ठरवताना धरायचे आठ तास!

आज हीच गोष्ट विसरली जाते. 'तू कधीही कर, पण शुक्रवारपर्यंत दे' हे ऐकायला छान वाटतं. पण ते काम रोज आठ तासांत बसणारं आहे का, हे कोणी मोजलंय? टार्गेट देताना तासांचा अंदाजही लिहून घ्यायला हवा.

२) कधी सापडायचं?

गांधीजी दर सोमवारी मौन पाळत. त्या दिवशी ते बोलणार नाहीत, हे सगळ्यांना आधीच माहीत असे. कामं काही अडत नसत, कारण गरज पडली तर ते चिठ्ठीवर लिहून देत. यातून आपण काय घ्यायचं? आपण केव्हा भेटणार, केव्हा नाही, आणि तातडीचं असेल तर कोणत्या मार्गाने, हे तिन्ही आधी सांगून ठेवायचं.

हे ठरलेलं नसलं तर काय होतं, ते मी होस्टेलवर पाहिलंय. माझा एक मित्र रूमवरूनच एका कंपनीची इंटर्नशिप करत होता. वेळ अशी ठरलीच नव्हती. रात्री साडेअकराला मेसेज यायचा, 'ऑनलाइन आहेस का?' बिचारा मेसमध्ये जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायचा आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीही जागा राहायचा. कामाचा कंटाळा त्याला नव्हता. सुटी कधी झाली हेच कळत नाही, याचा त्याला त्रास होता.

३) यायचं कधी आणि कशासाठी?

१९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई मात्र वर्ध्यात मगनवाडीला राहत. अंतर साधारण आठ किलोमीटर. वर्ध्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको! त्या उन्हात महादेवभाई पायी जात आणि पायीच परत येत. पुढे तेही सेवाग्रामला राहायला आले. आश्रमात आजही महादेव कुटी आहे.

त्यांची निष्ठा वादातीत आहे. पण प्रत्येक कर्मचाऱ्याकडून असं चालणं गृहीत धरता येत नाही. ऑफिसात बोलवायचं तर तिथे समोरासमोर करण्यासारखं काही हवं, जसं नव्या माणसाला शिकवणं, डिझाइनवर चर्चा, मशीनवर टेस्टिंग. ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवून तिथे जाऊन पुन्हा हेडफोन लावूनच मीटिंग करायची असेल, तर त्याला काय अर्थ?

४) नियम बदलले तर?

टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांपेक्षा जास्त लोक ऑफिसात असण्याची गरज पडणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र त्याच कंपनीने पाचही दिवस ऑफिसला यायला सांगितलं. परिस्थिती बदलली की कंपनी धोरण बदलणारच. पण समजा, आर्वीच्या एखाद्या मुलाने घरूनच काम आहे म्हणून पुण्याची रूम सोडली, घरी इन्व्हर्टर घेतला, नेट घेतलं; त्याने काय करायचं? म्हणून बदलाची सूचना किती दिवस आधी मिळणार, हे सुरुवातीलाच विचारून घ्या.

तेव्हा ऑफर लेटर हातात आलं की एक साधा मेल करा. माझं काम कशावरून मोजणार? उपलब्ध राहायचे तास कोणते? ऑफिसात कोणत्या दिवशी आणि कशासाठी यायचं? नेट, वीज, लॅपटॉपचा खर्च कोणाचा? नियम बदलला तर किती आधी कळवाल? उत्तर लेखी घ्या. यात उद्धटपणा काही नाही. चांगल्या मॅनेजरला उलट बरंच वाटेल, कारण त्याचंही काम सोपं होतं.

आणि हो, अशीच बोलणी घरीही करावी लागतील! आपण घरात दिसलो की आईला वाटतं मुलगा रिकामाच आहे, आणि किराण्याची पिशवी हातात येते. तिलाही कामाचे तास सांगून ठेवा. पिशवी सहा वाजल्यानंतर घ्या, पण घ्या नक्की!