गाडीची मजुरी एवढी का?

आमच्या बचत गटाचा छोटा टेम्पो आहे, पापड-मसाले बाजारात नेणारा. मागच्या महिन्यात त्याचा क्लच गेला. बिल आलं तेव्हा सामानापेक्षा मजुरीच जास्त! बैठकीत कुरबुर झाली. खजिनदारताई म्हणाल्या, "एवढ्यात अर्धं पोतं उडीद आलं असतं." मग आम्ही चौघी गॅरेजातच जाऊन बसलो.

क्लच प्लेट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे दडलेली असते. ती बदलायला अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवायचा, पुन्हा चढवून जुळवायचा. प्लेट हातात मावते, काम मात्र दोन माणसांचा अर्धा दिवस खातं. शिवाय मजुरी म्हणजे नुसता मिस्त्रीचा रोज नव्हे. जागेचं भाडं, वीज, हाताखालच्या पोराचा पगार त्यातूनच निघतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, त्यांचा दोष शोधायला स्कॅनर लागतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात मजुरीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. आपण तरी पापडाला फक्त उडदाचा भाव लावतो का? लाटणारीचे हात मोजतोच ना!

तरी डोळे मिटून पैसे देऊ नका. काम सुरू होण्याआधी मजुरी विचारा, बिलात सामान आणि मजुरी वेगळी लिहून घ्या, काढलेला जुना भाग परत मागा. आम्ही आधी विचारलं नव्हतं, ती चूक आमचीच. आणि गिअरबॉक्स उतरलाच आहे तर रिलीज बेअरिंगही बघून घ्या. ते नंतर गेलं तर तीच मजुरी पुन्हा पडते. आमचं आवाज करत होतं, तेव्हाच बदलून घेतलं.