चित्रशाळेतील तिसरा डोळा

प्रदर्शनाच्या भिंतीवर टांगलेले चित्र रसिकांस दिसते, तेव्हा ते पूर्ण झालेले असते. ज्या खोलीत ते आकारास आले, ती खोली मात्र सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. रंगांचे डाग पडलेली जमीन, अर्धवट सोडलेली चित्रे, झिजलेले कुंचले आणि त्यांच्यामध्ये वावरणारा कलावंत यांचे दर्शन घडविले ते विसाव्या शतकातील काही छायाचित्रकारांनी; आणि तेही बहुधा कृष्णधवल छायाचित्रांतून.

रंगांत जगणाऱ्या माणसाचे चित्र रंगावाचून का काढावे, असा प्रश्न सहजच पडेल. रंगीत छायाचित्रात मागचे लालभडक चित्र पाहणाऱ्याची नजर आधी ओढून घेते. कृष्णधवल छायाचित्रात तेच चित्र करड्या छटांत मिसळून मागे सरते आणि कपाळावरची आठी, बोटांची पकड, खांद्यांचा बाक ही पुढे येतात. त्यातच युरोपातील चित्रशाळेची मोठी खिडकी परंपरेने उत्तरेकडे असते. तिच्यातून थेट ऊन येत नाही. दिवसभर शांत, एकसारखा उजेड मिळतो. चित्रकाराने स्वतःसाठी योजिलेला हा उजेड छायाचित्रकारालाही आयताच लाभतो.

परंतु चित्रशाळा हे कलावंताचे एकांतस्थान. तेथे दुसऱ्याची नजर शिरल्यावर तो एकांत टिकतो काय? दोन उदाहरणांवरून या प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येईल.

१९४४ साली फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ दक्षिण फ्रान्समधील वांस या गावी आंरी मातीस यांच्या घरी गेले. आदल्याच वर्षी, दोन प्रयत्न फसल्यानंतर तिसऱ्या खेपेस, ते जर्मनांच्या कैदेतून निसटले होते. मातीस त्या वेळी सत्तरी ओलांडलेले आणि १९४१ मधील मोठ्या शस्त्रक्रियेने खचलेले होते. कार्तिए-ब्रेसाँ यांचा कॅमेरा लहानसा. कृत्रिम प्रकाशाचा झोत त्यांना वर्ज्य. त्या भेटीतील एका छायाचित्रात मातीस यांच्या डाव्या हातात पांढरे कबूतर आहे आणि उजवा हात कागदावर त्याची रेखा उमटवीत आहे. शेजारी पिंजरे आहेत. वृद्ध चित्रकाराचे सारे लक्ष पक्ष्याकडे लागले आहे. खोलीत आणखी कोणी आहे, याची जाणीवही त्या मुद्रेवर नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. १९५० च्या उन्हाळ्यात हान्स नामूथ हे छायाचित्रकार लाँग आयलंडवरील स्प्रिंग्ज येथे जॅक्सन पोलॉक यांच्याकडे जाऊ लागले. एका जुन्या कोठारात पोलॉक जमिनीवर कॅनव्हास पसरून, त्याच्याभोवती फिरत, काडीने किंवा वाळून कडक झालेल्या कुंचल्याने त्यावर पातळ रंग सांडीत. नामूथ यांनी त्यांची पाचशेहून अधिक छायाचित्रे घेतली. काहींत फिरणारा हात धूसर झाला आहे. पण त्या धूसरपणामुळेच चित्र घडण्याची गती कळते. त्यांपैकी काही छायाचित्रे १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पोलॉक यांची रीत जगाला उमगली.

मात्र पुढे नामूथ यांनी चलचित्रपटही हाती घेतला. पोलॉक यांनी काचेवर रंगवावे आणि कॅमेऱ्याने ते काचेखालून टिपावे, अशी योजना झाली. ऐन थंडीत, उघड्यावर, सूचनेनुसार थांबावयाचे आणि पुन्हा आरंभ करावयाचा! नोव्हेंबरअखेर काम संपले त्याच संध्याकाळी, दोन वर्षे दारूपासून दूर राहिलेल्या पोलॉक यांनी पुन्हा पेला हाती घेतला. १९५६ साली मद्यधुंद अवस्थेत मोटार चालविताना झालेल्या अपघातात त्यांचा अंत झाला. या दुःखांताचा सारा दोष कॅमेऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. त्यांचे व्यसन फार जुने होते. तरीही स्वतःच्या ओढीने केलेले काम आणि दुसऱ्याच्या इशाऱ्यावर केलेले काम यांतील अंतर त्या काचेने उघड केले, यात शंका नाही.

भारतात रिचर्ड बार्थोलोम्यू यांनी दिल्लीत हुसेन, रामकुमार आदी चित्रकारांची कृष्णधवल छायाचित्रे घेतली. ते स्वतः कलासमीक्षक आणि या मंडळींचे स्नेही असल्याने त्यांची ये-जा पाहुण्याची नव्हती, घरच्या माणसाची होती.

असे एखादे छायाचित्र पाहताना कलावंताच्या चेहऱ्याबरोबरच आणखी एक गोष्ट न्याहाळावी: कॅमेरा घेऊन आलेला माणूस किती अंतरावर उभा होता, आणि त्याने समोरच्याला त्याचे काम करू दिले होते काय.