रिकाम्या जागेच्या पेशी

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरातल्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूत अतिशय बारीक तारा बसवून एकेका पेशीची हालचाल टिपली जाते. तिथे एक साधा प्रयोग झाला. मोकळ्या चौकोनात एक वस्तू ठेवली आणि उंदराला फिरू दिलं. तो वस्तूजवळ आला की काही पेशी जाग्या व्हायच्या. यात नवल नाही. मग ती वस्तू उचलून घेतली. आता उंदीर त्या जागी पोचला की वेगळ्याच काही पेशी जाग्या होऊ लागल्या! समोर काहीच नव्हतं. तिथे पूर्वी काहीतरी होतं, एवढ्याचसाठी त्या बोलत होत्या, आणि पुढे कित्येक दिवस बोलत राहिल्या. अल्बर्ट त्साओ, मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांनी २०१३ साली हे प्रसिद्ध केलं.

म्हणजे एखादी गोष्ट नसण्याची नोंद ठेवायलाही मेंदूत स्वतंत्र पेशी आहेत. मला हे अजून पुरतं पचलेलं नाही.

उंदराचं माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही, हे खरं. पण शोकाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी-फ्रान्सेस ओकॉनर याच पेशींपासून आपलं म्हणणं उलगडत नेतात. तीस-चाळीस वर्षं रोज सकाळी जे माणूस शेजारी होतं, ते उद्याही असणार असा मेंदूचा हिशोब असतो. हजारो सकाळींनी तो पक्का केलेला असतो, आणि मृत्यूची बातमी एकदाच येते. तेवढ्यावर तो हिशोब मोडत नाही. म्हणून पानं घेताना एक ताट जास्त निघतं. संध्याकाळी ठरलेल्या वेळी फाटक वाजलं की कान तिकडे जातात. आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतो, अगदी स्पष्ट.

हा आवाज ऐकणारी माणसं फार घाबरतात. आपलं डोकं फिरायला लागलं की काय, ही भीती. त्यांच्यासाठी एका डॉक्टरचं काम सांगायलाच हवं. वेल्सच्या मध्यभागात डेवी रीस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्रीपुरुषांना मोकळेपणी विचारलं, की गेलेलं माणूस जवळ असल्याचं कधी जाणवतं का? जवळपास निम्म्यांनी हो म्हटलं. बहुतेकांना नुसतं ‘इथेच आहे’ असं वाटायचं. काहींना माणूस दिसायचं, काहींना ऐकू यायचं, थोड्यांना स्पर्शही जाणवायचा. संसार जितका दीर्घ आणि सुखाचा, तितकं हे प्रमाण जास्त. ज्यांना असं जाणवायचं त्यांतल्या बहुतेकांना त्याचा आधारच वाटायचा. १९७१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे छापून आलं. हे वैधव्यातलं स्वाभाविक आणि उपकारक जाणवणं आहे, असा रीस यांचा निष्कर्ष होता.

मला मात्र त्या लेखातली दुसरीच गोष्ट सोडवत नाही. यांतल्या बहुतेकांनी हे आधी कोणालाच सांगितलं नव्हतं, अगदी जवळच्या नातलगांनाही नाही. सांगण्यासारखं इतकं असून विचारणारं कोणी नव्हतं!

आपल्याकडे तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘कसं झालं हो?’ मग शेवटच्या आजारपणाची हकिगत दिवसातून दहा वेळा सांगावी लागते. चौदाव्या दिवसापासून घर सुनं, आणि खरी गरज तर तिथून पुढची. दोन-तीन महिन्यांनी जावं, चहाला बसावं आणि विचारावं, ‘काकू, काकांची चाहूल लागते का हो कधी?’ उत्तर येईल किंवा येणार नाही. आलं तर मध्येच ‘आता विसरायला हवं’ असं म्हणू नये, एवढं सांभाळलं तरी खूप झालं.

बहुतेकांचा शोक हळूहळू सैल होतो. कोणाचा होत नाही. सहा महिने उलटूनही तीव्रता तशीच राहिली आणि रोजचं जगणं ठप्प झालं, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला उपचारांची गरज असलेला दीर्घ शोक मानते. त्यावर बोलून करायचे खास उपचार आहेत. आणि आपणही मागोमाग जावं असं मनात येऊ लागलं, तर एक दिवसही थांबू नये. २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं आणि मध्यरात्रीही ती चालू असते.