पटलावर ठेवलेला हिशेब

कंपन्या, बँका, निवृत्तिनिधी आणि गुंतवणूक सल्लागार यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी सरकार जी नियामक मंडळे नेमते, ती मंत्र्याच्या रोजच्या हुकुमापासून मुद्दाम दूर ठेवलेली असतात. कारण परवाना कोणाला द्यावा, कोणाचा काढून घ्यावा आणि खटला कोणावर भरावा, हे निर्णय राजकीय सोयीने होऊ नयेत अशी अपेक्षा असते. परंतु जे मंडळ मंत्र्याच्या आज्ञेत नाही ते उद्या कोणालाच जाब देणार नाही, असा धोकाही त्याच रचनेत दडलेला असतो, आणि संसदीय लोकशाहीत तो टाळण्याचे काम संसदेच्या समित्यांकडे येते. या समित्यांना नियामकाला आदेश देता येत नाही, बुडालेले पैसे परत मिळवून देता येत नाहीत आणि कोणाला तुरुंगात धाडता येत नाही. त्यांच्या हाती असते ते प्रश्न विचारणे, उत्तर नोंदवून घेणे आणि अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवणे. या दुबळ्या दिसणाऱ्या साधनाचे बळ नेमके कशात आहे, याचा शोध घेण्यासाठी ऑस्ट्रेलियाचा गेल्या साडेतीन दशकांचा अनुभव उपयोगी पडतो.

ग्लेन वेव्हर्लीतील पगाराची वाट

मेलबर्नच्या आग्नेयेकडील ग्लेन वेव्हर्ली हे मोनॅश नगरपालिकेतील उपनगर असून 1930 मध्ये येथवर पोहोचलेली लोकल गाडी आजही याच स्थानकावर संपते. भारतीय आणि श्रीलंकन कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या या भागात जी मराठी कुटुंबे स्थिरावली, त्यांच्या पगाराचा एक हिस्सा हातात न पडता थेट ‘सुपर’मध्ये, म्हणजे सुपरॲन्युएशन या सक्तीच्या निवृत्तिनिधीत जातो. महाराष्ट्रातील नोकरदाराला परिचित असलेल्या भविष्यनिर्वाह निधीशी त्याचे नाते असले तरी फरक महत्त्वाचा आहे: सुपरची रक्कम बहुतांश शेअर, रोखे आणि मालमत्तांमध्ये गुंतवली जाते आणि तिच्यावर ठरावीक व्याजाची हमी नसते. 1992 मध्ये पगाराच्या 3 ते 4 टक्क्यांपासून सुरू झालेली मालकाची ही सक्तीची वर्गणी 1 जुलै 2025 पासून 12 टक्के झाली आहे.

या पैशावर एकच पहारेकरी नाही. 1997 च्या वॉलिस चौकशी अहवालानंतर, 1 जुलै 1998 रोजी ऑस्ट्रेलियाने ‘दोन शिखरां’ची रचना स्वीकारली. त्यातील एक शिखर म्हणजे ‘ॲप्रा’, अर्थात बँका, विमा कंपन्या आणि मोठे निवृत्तिनिधी यांची आर्थिक ताकद तपासणारे प्राधिकरण; दुसरे ‘ॲसिक’, म्हणजे कंपन्या, वित्तीय बाजार आणि सल्लागार यांचे ग्राहकांशी असलेले वर्तन तपासणारा आयोग. एखाद्या कुटुंबाने स्वतःचाच छोटा निवृत्तिनिधी उभारला, तर त्याची देखरेख या दोघांकडे न राहता प्राप्तिकर कार्यालयाकडे जाते. म्हणजे एकाच घरातील बचत तीन वेगवेगळ्या कार्यालयांच्या नजरेखाली असू शकते, आणि हेच ती नजरेआड होण्याचे एक कारणही ठरू शकते.

राज्याकडून संघराज्याकडे

कंपन्यांचा कायदा ही ऑस्ट्रेलियात मुळात राज्यांची बाब होती. 1990 मध्ये व्हिक्टोरियातील जिलाँग येथे मुख्यालय असलेली पिरॅमिड ही गृहकर्ज संस्था कोसळली. त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्य सरकारने ठेवीदारांना निश्चिंत राहण्याची ग्वाही दिली होती आणि जूनमध्ये संस्थेचे व्यवहार थांबले. ठेवीदारांचे पैसे परत करण्यासाठी राज्याने पेट्रोलवर लिटरमागे 3 सेंटचा अधिभार बसवला, त्यामुळे ज्याचा पिरॅमिडशी कधी संबंध आला नाही अशा प्रत्येक वाहनधारकाने त्या गाफिलपणाची किंमत मोजली. नियामक झोपला तर बिल करदात्याकडे येते, हा धडा व्हिक्टोरियाला इतक्या रोखठोक रीतीने मिळाला.

त्याच वर्षी उच्च न्यायालयाने, म्हणजे ऑस्ट्रेलियातील सर्वोच्च न्यायपीठाने, कंपन्यांची स्थापना करण्याचा विषय संघराज्याच्या अधिकारात बसत नाही असा निर्णय दिला. मग राज्यांशी तडजोड करून 1 जानेवारी 1991 पासून ॲसिकचा पूर्वसुरी असलेला राष्ट्रीय रोखे आयोग कामाला लागला आणि पुढे राज्यांनी आपले अधिकार संघराज्याकडे सुपूर्द केल्यावर जुलै 2001 मध्ये आजचा कंपनी कायदा अमलात आला. नियमनाचा अधिकार असा मेलबर्नच्या स्प्रिंग स्ट्रीटवरील विधिमंडळाकडून कॅनबेराकडे सरकला, तेव्हा जाब विचारण्याची जागाही तिकडेच सरकणे अपरिहार्य होते.

कायद्यानेच जन्मलेली समिती

ॲसिकच्या कायद्यात एक असाधारण तरतूद आहे. ज्या कायद्याने आयोग निर्माण केला, त्याच कायद्याने त्याच्यावर लक्ष ठेवणारी संयुक्त संसदीय समितीही निर्माण केली आहे. सिनेटचे 5 आणि प्रतिनिधिगृहाचे 5 असे 10 सदस्य तीत असतात आणि मंत्र्यांना तीत जागा नसते. आयोगाचे तसेच कंपनी-ताब्याचे तंटे सोडवणाऱ्या मंडळाचे कामकाज, त्यांचे वार्षिक अहवाल आणि कंपनी कायद्याची अंमलबजावणी यांची चौकशी करणे हे तिचे कर्तव्य म्हणून नोंदवलेले आहे. घोटाळा उघड झाला म्हणून ती नेमली जात नाही आणि तो विस्मरणात गेला म्हणून विसर्जित होत नाही. प्रत्येक नव्या संसदेत ती पुन्हा बसते.

याखेरीज सिनेटच्या ‘अंदाज सुनावण्या’ असतात, ज्यांत खर्चाच्या मागण्यांच्या निमित्ताने वर्षातून साधारण तीन वेळा अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले जातात. या सुनावण्या खुल्या असून त्यांचा शब्दशः वृत्तांत प्रसिद्ध होतो. ज्या प्रश्नाचे उत्तर जागेवर देता येत नाही तो लेखी उत्तरासाठी राखून ठेवला जातो, आणि ते उत्तर आले की तेही सार्वजनिक नोंदीचा भाग बनते. समितीपुढे दिलेल्या साक्षीला संसदीय विशेषाधिकाराचे संरक्षण असल्याने साक्षीदाराला त्या शब्दांसाठी न्यायालयात खेचता येत नाही. उलट समितीची दिशाभूल करणे हा हक्कभंग ठरू शकतो.

चार प्रकरणे

पहिले प्रकरण 2008-09 च्या पडझडीचे; त्यात या यंत्रणेची चाल नीट दिसते. मार्च 2008 मध्ये मेलबर्नची ओप्स प्राइम ही दलाली संस्था कोसळली. 2009 च्या आरंभी क्वीन्सलँडमधील टाउन्सव्हिलची स्टॉर्म फायनान्शियल बुडाली, जिच्या सल्ल्याने अनेक निवृत्त माणसांनी राहते घर गहाण टाकून शेअर घेतले होते. आणि एप्रिल 2009 मध्ये मेलबर्नचीच टिंबरकॉर्प ही बदाम, ऑलिव्ह आणि झाडांच्या लागवडीत लोकांचे पैसे गुंतवणारी कंपनी प्रशासकांच्या हाती गेली. टिंबरकॉर्पच्या सुमारे 18 हजार गुंतवणूकदारांपैकी अनेकांनी तिच्याच वित्तसंस्थेकडून कर्ज घेतलेले असल्याने लागवड गेली तरी कर्ज मानेवर राहिले.

बर्नी रिपोल यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने नोव्हेंबर 2009 मध्ये अहवाल दिला. त्यातील मुख्य निष्कर्ष असा होता की दुखणे चार-दोन लबाड माणसांत नसून सल्लागाराला गुंतवणूक विकल्याबद्दल मिळणाऱ्या दलालीत आहे, कारण जो विकून कमावतो त्याचा सल्ला निःपक्षपाती असू शकत नाही. या अहवालातून 2012 मध्ये नवे कायदे झाले आणि जुलै 2013 पासून ग्राहकाचे हित प्रथम पाहण्याचे बंधन व अशा दलालीवरील बंदी सक्तीची झाली. तोवर बदललेल्या सरकारने 2014 मध्ये नियमांच्या वाटेने ही बंधने सैल केली, तेव्हा मात्र संसदेचे दुसरे हत्यार बाहेर आले. ऑस्ट्रेलियात असे नियम पटलावर ठेवावे लागतात आणि दोहोंपैकी एका सभागृहाने नामंजूर केले तरी ते रद्द होतात. व्हिक्टोरियाचे सिनेटर रिकी म्युअर आणि टास्मानियाच्या जॅकी लँबी यांनी आधीचा पाठिंबा काढून घेतल्यावर 19 नोव्हेंबर 2014 रोजी सिनेटने ते नियम फेटाळले.

दुसरे प्रकरण ट्रायो कॅपिटलचे, जो निवृत्तिनिधींतील सर्वांत मोठा गैरव्यवहार मानला गेला आणि ज्यात सुमारे 17 कोटी 60 लाख डॉलर गेले. मे 2012 च्या अहवालात संयुक्त समितीने दोन्ही शिखरांच्या संथपणावर बोट ठेवले. परंतु त्या प्रकरणातील भेदक बाब निराळीच होती. ॲप्राच्या देखरेखीखालील निधींच्या सदस्यांना कायद्यानुसार सुमारे 5 कोटी 50 लाख डॉलरची भरपाई मिळाली, तर ज्यांनी स्वतःच्या छोट्या निधीतून त्याच योजनेत पैसे घातले होते त्यांना काहीच मिळाले नाही. आपण कोणत्या नियामकाच्या छत्राखाली आहोत हे अनेकांना नुकसानीनंतरच कळले.

तिसऱ्या प्रकरणात शिफारस आणि कृती यांच्यातले अंतर दिसते. कॉमनवेल्थ बँकेच्या सल्लागार शाखेतील गैरप्रकारांनंतर सिनेटच्या अर्थविषयक समितीने जून 2014 मध्ये 61 शिफारशी करताना ॲसिकच्या बोटचेपेपणावर कठोर टीका केली आणि बँकेबाबत शाही आयोगाची, म्हणजे रॉयल कमिशनची, मागणी केली. ती तेव्हा मानली गेली नाही. डिसेंबर 2017 मध्ये न्यायमूर्ती केनेथ हेन यांचा आयोग नेमावाच लागला आणि फेब्रुवारी 2019 मध्ये त्याच्या 76 शिफारशी प्रसिद्ध झाल्या. त्यांतूनच 2021 मध्ये दोन्ही नियामकांचे मूल्यमापन करणारे स्वतंत्र प्राधिकरण उभे राहिले. जुलै 2024 मध्ये याच सिनेट समितीने आणखी पुढे जाऊन ॲसिकचे दोन तुकडे करावेत असे सुचवले; आयोग मात्र आजही एकसंधच आहे.

चौथे प्रकरण लहानशा प्रश्नाच्या ताकदीचे आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांची करचुकवेगिरी रोखणारा कायदा तयार करताना सरकारने गोपनीय सल्लामसलतीसाठी बोलावलेल्या पीडब्ल्यूसी या लेखापरीक्षण आणि सल्ला संस्थेच्या भागीदाराने ती माहिती सहकाऱ्यांना पुरवल्याचे जानेवारी 2023 मध्ये करव्यावसायिक मंडळाच्या कारवाईतून समजले, पण व्याप्ती समजली नव्हती. सिनेटर डेबोरा ओ’नील यांनी अंदाज सुनावणीत विचारलेल्या आणि लेखी उत्तरासाठी राखून ठेवलेल्या प्रश्नांना उत्तर म्हणून 2 मे 2023 रोजी 144 पानांचे ईमेल संसदेपुढे आले. आठवड्याच्या आत संस्थेच्या प्रमुखांनी पद सोडले आणि पुढच्याच महिन्यात सरकारी सल्ल्याचा तिचा सारा व्यवसाय 1 डॉलरला विकण्याचे ठरले. ओ’नील यांच्याच अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने त्यानंतर लेखापरीक्षण आणि सल्ला व्यवसायाच्या नीतीची सविस्तर चौकशी केली.

भारताशी तुलना

मराठी वाचकाला ही परंपरा परकी नाही. डिसेंबर 1957 मध्ये फिरोज गांधी यांनी आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचा प्रश्न लोकसभेत लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी मुंबईत खुली चौकशी केली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सभागृहातला प्रश्न, लोकांसमोरची चौकशी आणि पदाची जबाबदारी ही तिन्ही पावले काही आठवड्यांत पडली.

पुढे हा वेग उरला नाही. 1992 चा हर्षद मेहता आणि 2001 चा केतन पारेख, या दोन्ही रोखे घोटाळ्यांनंतर संयुक्त संसदीय समित्या नेमल्या गेल्या, मोठे अहवाल निघाले आणि 2002 च्या दुरुस्तीने सेबी या रोखे बाजाराच्या नियामकाचे अधिकार वाढले. परंतु या समित्या प्रसंगापुरत्या होत्या. 1993 पासूनच्या खातेनिहाय स्थायी समित्यांपैकी अर्थविषयक समिती कायम असली तरी तिच्या बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे नियामकाला नेमके काय विचारले आणि तो काय म्हणाला हे ठेवीदाराला अहवालातूनच कळते. सेबीची विनियमने पटलावर ठेवली जातात, मात्र ती बदलण्यासाठी दोन्ही सभागृहांचे एकमत लागते. 24 ऑक्टोबर 2024 रोजी लोकलेखा समितीने बोलावलेल्या बैठकीला सेबीच्या तत्कालीन अध्यक्षांनी येण्यास असमर्थता कळवली आणि बैठक पुढे ढकलावी लागली. बँकांच्या बाबतीतही तेच दिसले: पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा खातेदारांना आरंभी केवळ 1 हजार रुपये काढता येत होते. त्या खातेदारांना नियामकाची झडती खुलेपणाने पाहता येईल अशी ठरलेली, नियमित जागा भारतीय संसदेत नव्हती.

नोंदीचे बळ

ऑस्ट्रेलियाचा अनुभव निर्दोष नाही. रिपोल अहवालापासून सक्तीच्या अंमलापर्यंत साडेतीन वर्षे गेली, सिनेटच्या मागणीपासून शाही आयोगापर्यंतही तितकीच गेली, आणि एप्रिल 2024 मध्ये सुरू झालेल्या अंतिम भरपाई योजनेत 1 लाख 50 हजार डॉलरची मर्यादा घातलेली असून लागवडीसारख्या सामूहिक गुंतवणूक योजनांची पडझड तिच्या कक्षेबाहेरच राहिली. टिंबरकॉर्पच्या गुंतवणूकदाराला समितीने एक पैसाही मिळवून दिला नाही.

तरीही या चारही प्रकरणांत एक सूत्र समान आहे. न मानलेली शिफारस वाया गेली नाही, कारण ती लिहिलेली होती. पुढचा घोटाळा झाला तेव्हा ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय नियामकाला आणि मंत्र्याला उरली नाही. स्थायी समितीचे सामर्थ्य तिच्या रागात नसून तिच्या स्मरणशक्तीत आहे, आणि ती स्मरणशक्ती लोकांच्या उपयोगी पडायची तर सुनावणी खुली हवी, उत्तर लेखी हवे आणि विचारणारा पुढच्या वर्षी पुन्हा त्याच खुर्चीत बसलेला हवा. ग्लेन वेव्हर्लीतील पगारदार दर पंधरवड्याला आपल्या सुपरची नोंद पाहतो, तेव्हा त्या आकड्यामागे दोन नियामक आणि एक कर कार्यालय उभे असते. त्या तिघांच्या कामाची खुली नोंद संसदेत राहते, म्हणून तो आकडा निव्वळ भरवशावर सोडलेला राहत नाही.