शून्य आणि रिकामी जागा

‘डेटा सायन्स’ हा शब्द हल्ली सर्वांच्या तोंडी आहे. मराठीत त्याला विदाविज्ञान म्हणतात. शब्द जड असला तरी गोष्ट साधी आहे. माहिती गोळा करायची, ती तपासून नीट मांडायची, तिच्यातून काही सूत्र हाती लागते का ते पाहायचे आणि त्या सूत्रावरून पुढचा अंदाज बांधायचा. माहिती लाखो-कोटींच्या घरात गेली की हे काम संगणकाकडून करून घ्यावे लागते, एवढेच. पण ही माहिती असते कोणाविषयी आणि ती टिपतो कोण, हा प्रश्न मला आमच्या वर्गात कधी पडला नव्हता. तो मला शिकवला एका वस्तीतल्या मुलांनी.

आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटातर्फे टेकडीच्या उतारावरील एका वस्तीत शाळा सुटल्यावर अभ्यासवर्ग चालतो. वेळ संध्याकाळी सहा ते साडेसात, जागा समाजमंदिराची. सहावी ते नववीची वीस-बावीस मुले येतात. बहुतेकांच्या आया धुणीभांडी करतात, वडील बिगारी किंवा रिक्षावर. गेल्या वर्षी गणिताचा तास माझ्याकडे आला. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. संख्याशास्त्राचा पेपर नुकताच दिलेला, त्यामुळे उत्साह दांडगा! कर्ज कोणाला द्यायचे, नोकरीच्या मुलाखतीला कोणाला बोलवायचे, अशा निर्णयांत आज संगणकाचा हात असतो. मग ही विद्या या मुलांना का शिकवू नये, असे मनात आले.

पहिल्या दिवशी मी टायटॅनिक जहाजाच्या प्रवाशांची यादी घेऊन गेले. नवशिक्यांना हे उदाहरण नेहमी देतात. कोण वाचले, कोण बुडाले, कोणत्या वर्गाचे तिकीट होते, असे सारे त्यात असते. दहा मिनिटांत मुले जांभया देऊ लागली. शेवटी एकाने विचारलेच, “ताई, आपल्याकडे रोज पाण्याची भांडणं होतात, त्याचं गणित नाही का?”

यादी मिटली आणि पाण्याचे गणित सुरू झाले. प्रत्येकाला चौकटीचा कागद दिला. आपल्या गल्लीतल्या नळाला रोज किती मिनिटे पाणी येते ते आठवडाभर लिहायचे. खालच्या गल्लीतल्या एका मुलाचे आकडे असे आले : ४०, ४५, ३५, ४०, ५, ४५ आणि ०. बेरीज २१०, म्हणून सरासरी ३० मिनिटे. मुलांनी हिशेब बरोबर केला, पण एकीच्या लगेच लक्षात आले की ३० मिनिटे पाणी तर एकाही दिवशी आलेले नाही! मग आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला. तो आला ४०. याला मध्यक म्हणतात. एखाददुसऱ्या टोकाच्या आकड्याने तो सहसा ढळत नाही. सरासरी आणि मध्यक यांत एवढी तफावत दिसली की समजावे, काही दिवस अगदी वेगळे गेले आहेत. पण ज्या दिवशी नळ कोरडा राहिला त्या दिवशी घरात काय झाले, हे दोन्ही आकडे सांगत नाहीत. त्यासाठी मूळ यादीच पाहावी लागते. एवढे पाठ्यपुस्तक माझ्याकडून मुलांनी शिकले.

यापुढचे मी त्यांच्याकडून शिकले. सगळे कागद मी घरी नेले आणि लॅपटॉपवर तक्ता भरला. वरच्या गल्लीच्या कागदांत बऱ्याच चौकटी रिकाम्या होत्या. तिथे मी शून्य भरले. आलेख सुरेख आला : वरच्या गल्लीचा खांब खालच्या गल्लीच्या निम्मा. दुसऱ्या दिवशी मी तो ऐटीत दाखवला. तेव्हा वरच्या गल्लीतली एक सातवीतली मुलगी उभी राहिली. “ताई, तुम्ही तिथं शून्य का लिहिलं? त्या दिवशी पाणी आलं होतं. मी नव्हते. आईबरोबर कामावर गेले होते.”

मी गप्प झाले. शून्य म्हणजे ‘पाणी आले नाही’. रिकामी जागा म्हणजे ‘पाहायला कोणी नव्हते’. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि मी तो एका बोटाने पुसून टाकला होता. शिवाय ज्या घरांना सवड सर्वांत कमी, त्यांच्याच चौकटी रिकाम्या होत्या.

तोड त्याच मुलीने काढली. तिची आजी दिवसभर घरी असते. तिला घड्याळ कळत नाही, पण हंडे मोजता येतात. एक हंडा भरला की डब्यात एक खडा टाकायचा, असे ठरले. खालच्या गल्लीतही तसेच केले. आठवड्याने पाहतो तो नवीनच प्रकार! पाणी दोन्हीकडे जवळजवळ सारखाच वेळ येत होते. पण जेवढ्या वेळात खाली बारा हंडे भरत, तेवढ्याच वेळात वर सात. चढावर पाण्याला दाब नव्हता. म्हणजे वरच्या गल्लीला पाणी कमी मिळते हा माझा निष्कर्ष खरा निघाला, पण माझा पुरावा मात्र खोटा होता. आणि आम्ही मोजत होतो मिनिटे, तर प्रश्न होता हंड्यांचा.

हे आमच्या वस्तीपुरतेच नाही. २०१८ साली जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या संगणक-प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण फार तर ०.८ टक्के होते, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. अशा प्रणाली ज्या छायाचित्रांवरून शिकतात व ज्यांवर तपासल्या जातात, त्यांत गोऱ्या पुरुषांचीच गर्दी असेल तर दुसरे काय होणार? तीही एक रिकामी चौकटच.

ती चौकट भरण्याचा उपाय जुनाच आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या जीवनाविषयीचे सुमारे ६० तक्ते मांडले. अटलांटा विद्यापीठातील त्यांच्या विद्यार्थ्यांच्या मदतीने ते हाताने रंगवलेले होते. मुंबईत १९८५ साली स्पार्क या संस्थेने फुटपाथवर राहणाऱ्या सुमारे ६,००० कुटुंबांची गणना केली. त्या अहवालाच्या इंग्रजी नावाचा अर्थच ‘आम्ही, अदृश्य माणसे’ असा आहे.

आमच्या मुलांनी आता तक्त्यासाठी तीन खुणा ठरवल्या आहेत : पाणी आले तर आकडा, नाही आले तर शून्य आणि कोणी पाहिले नसेल तर आडवी रेघ. दोन महिन्यांचा तक्ता अर्जासोबत पाणीपुरवठा कार्यालयात दिला आहे. उत्तर अजून यायचे आहे. खड्यांची मोजणी मात्र थांबलेली नाही. या मुलांतले किती जण पुढे संगणकतज्ज्ञ होतील ते मी सांगू शकत नाही. पण उद्या कोणी त्यांच्या नावापुढे शून्य लिहिले, तर “ते कोणी पाहिले होते?” असे विचारायला ती उठून उभी राहतील, याची मला खात्री आहे.