घरी बसवलेलं लेकरू शाळेत धाडा

मायबापहो, चाकूर तालुक्यातल्या वाडी-तांड्यावर एखादं लेकरू पायानं अधू, कानानं बहिरं असलं की आपण त्याला घर राखायला ठेवतो. पोरं हसतील, ही भीती. पण २०१६ च्या कायद्यानं ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या लेकराला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून प्राथमिक शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सगळ्यांची लेकरं एका शाळेत बसवली. आता पाळी आपली. उद्याच गुरुजींना भेटा. आणि तुमचं लेकरू धडधाकट असेल, तर त्याला एवढंच शिकवा : हसू नको, शेजारच्याचं दप्तर धर.