पक्ष्यांचे संसार (भाग ७) : पिलं कोण वाढवणार?

गेल्या आठवड्यात आपण नरांच्या नखऱ्यांपाशी थांबलो होतो. नखरे फळले, जोडी जमली, अंडी घातली गेली. आता पिलं कोण वाढवणार? पक्ष्यांमध्ये एकाच जोडीदाराशी संसार करायचा की अनेकांशी, हे पुष्कळदा या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

महाड-पोलादपूरकडे भाताची लावणी उरकली की शिंदीच्या झावळ्यांना आणि विहिरीवर झुकलेल्या फांद्यांना सुगरणींचे खोपे लोंबू लागतात. खोपा विणतो नर. भाताच्या पातीला कडेला चोचीने चीर द्यायची आणि पट्टी धरून उडायचं, की ती लांबच लांब सोलून निघते. पण तो पठ्ठ्या खोपा पुरा करत नाही. अर्धा विणून झाला की त्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरून पाहतात, ओढूनही पाहतात. एखादीला पसंत पडला तरच तो पुढची बोगद्यासारखी नळी विणतो; नाहीतर अर्धा खोपा तसाच टाकून देतो. पसंत करणारी मादी आत अंडी घालते, तोवर नर शेजारच्या फांदीवर दुसऱ्या खोप्याची पहिली गाठ मारत असतो!

हा सगळा प्रकार सालिम अलींनी १९३०च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला बारकाईने पाहिला आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. याला नराची बेइमानी म्हणायचा मोह होतो, पण मादीचा हिशेबही चोख असतो. पावसाळ्यात किडे आणि दाणे हाताशी असतात, त्यामुळे दोन-चार पिलं ती जवळजवळ एकटीने वाढवू शकते. नराकडून तिला हवा असतो तो पक्का खोपा आणि सुरक्षित जागा.

कमळपक्ष्यांत सगळंच उलटं. तिथे मादी मोठी आणि भांडखोर. ती एकाहून जास्त नरांशी जुगते. अंडी उबवणं आणि पिलं सांभाळणं नरांच्या गळ्यात. असे संसार अपवादच. डेव्हिड लॅक या ब्रिटिश अभ्यासकाने १९६८ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त जाती एकजोडीदारी निघाल्या. पुढे डीएनए तपासण्या आल्या आणि अशा कित्येक ‘एकनिष्ठ’ घरट्यांतली काही पिलं शेजाऱ्याची निघाली, तो भाग निराळा.

आता दुसरं टोक. महाड तालुक्यातल्या नाणेमाचीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. पलीकडे म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला पांढऱ्या पाठीची गिधाडं उंच झाडांवर. दिवाळीच्या आगेमागे काड्या जमवणं सुरू होतं आणि वर्षाला अंडं एकच. ते उबवायला सुमारे दीड महिना लागतो, पिलू उडायला पुढे तीन-चार महिने. एकाने घरट्यावर बसायचं, दुसऱ्याने मेलेलं जनावर शोधत मैलोन् मैल घिरट्या घालायच्या आणि गळ्यातल्या पिशवीत मांस भरून आणायचं. हे काम एकट्याचं नव्हे. इथे दुसरं बिऱ्हाड करायला नराला फुरसत कुठली?

म्हणूनच डायक्लोफिनॅकचा घाव फार खोल गेला. हे औषध दिलेल्या जनावराचं मांस खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. विणीच्या दिवसांत जोडीतलं एक मेलं की त्या वर्षीचं एकुलतं अंडंही बहुधा जातंच. शिवाय नवं पिलू जोडी करण्याजोगं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. सुगरणीसारखी एका पावसाळ्यात तूट भरून काढणं गिधाडांना शक्य नाही.

गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. महाडच्या सिस्केप संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांचे सहकारी या भागात घरट्यांवर लक्ष ठेवतात आणि गिधाडांसाठी मेलेल्या जनावरांची सोयही करतात. अन्न जवळ मिळालं तर जोडीदाराची फेरी छोटी होते. आजूबाजूच्या गावांनी मेलेलं गुरू पुरून टाकण्याआधी त्याला शेवटी कुठलं औषध टोचलं होतं तेवढी चौकशी केली आणि संस्थेला कळवलं, तर या कामाला मोठाच हातभार लागेल.

पुढच्या भागात धनेश : ढोलीत स्वतःला कोंडून घेणारी मादी आणि तिला फटीतून फळं भरवणारा नर.